रानवाटेवरची कुरकुर: लेंटमधल्या सहा घरसभा कशा घ्याव्यात

मिसराच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएलाच्या रानातल्या चाळीस वर्षांवर मंडळीत पुष्कळ बोललं जातं, पण तुकड्यातुकड्यांनी. एका रविवारी मान्ना म्हणजे आकाशातून मिळालेली भाकर, सहा महिन्यांनी पितळेचा साप, मध्येच कधीतरी कालेब आणि यहोशवा. ऐकणाऱ्याच्या मनात मग एकच ढोबळ गोष्ट उरते: लोक कुरकुर करत होते, देव शिक्षा करत होता, आणि म्हणून चाळीस वर्षं गेली. बायबलमधली निर्गम आणि गणना ही दोन पुस्तकं क्रमाने वाचली की हे चित्र टिकत नाही. पहिल्या वर्षी कुरकुरीवर देव रागावत नाही, पाणी देतो, भाकर देतो. चाळीस वर्षांची गोष्ट त्यानंतर, वचनाच्या देशाच्या सीमेजवळ कादेशला ठरते. आणि या सगळ्या वाटेवर तक्रार घेऊन थेट देवापुढे उभी राहिलेली माणसंही आहेत. त्यांना शिक्षा झालेली नाही.

हा फरक लोकांच्या हाताला लागावा म्हणून खालची रीत आहे. लेंट म्हणजे उपवासकाळ; त्यात राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंत सहा आठवडे मिळतात, आठवड्याला एक सभा.

आधीची तयारी

माणसं आठ ते बारा. बाराच्या वर गेली तर दोन घरं करा, कारण पंधरा जणांत चौघेच बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. वेळ संध्याकाळी साडेसातची ठेवा. नागपुरात कोराडीच्या वीजकेंद्रातल्या शिफ्टमधून किंवा मिहानच्या कंपन्यांतून येणाऱ्याला तोंड धुऊन पोचता आलं पाहिजे. एकूण सव्वा तास: दहा मिनिटं भजन, पंधरा मिनिटं वाचन, अर्धा तास बोलणं, वीस मिनिटं प्रार्थना. चहा त्यानंतर. चहा आधी दिला की सभा पावणेआठच्या आत सुरू होत नाही.

नागपुरात लेंट म्हणजे उन्हाची चढती कमान. पहिली सभा पंख्यावर भागते, शेवटच्या दोन सभांना कूलर लागतो. वाचनाची पंधरा मिनिटं कूलर बंद ठेवा. त्याच्या घरघरीत मागच्या ओळीतल्या आजींना एक शब्द ऐकू येत नाही, आणि त्या तसं सांगतही नाहीत.

१९७० च्या २९ नोव्हेंबरला अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) याच शहरात स्थापन झालं, तरी आजही इथल्या घरसभेत एकाच सतरंजीवर सीएनआयचे, मेथडिस्ट आणि कॅथलिक शेजारी बसतात. त्यामुळे हातातल्या मराठी भाषांतरांत फरक असतो. वाचणाऱ्याने एकच प्रत वापरावी, बाकीच्यांनी आपल्या प्रतीत वेगळा शब्द दिसला तर तो सांगावा. पहिला असा शब्द म्हणजे ‘रान’. कुठे तो ‘अरण्य’ असतो, कुठे ‘वाळवंट’. रान किंवा अरण्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पेंच आणि ताडोब्याचा साग उभा राहतो. मूळ इब्री शब्द मिदबार. त्याचा अर्थ मेंढरं हिंडवण्यापुरती ओसाड, कोरडी, दगडी जमीन. झाडं विरळ, त्यातलं मुख्य झाड बाभळीच्या जातीचं. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, त्याच लाकडाचा होता: अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच (निर्गम २५:१०). विदर्भात वाढलेल्या माणसाला बाभूळ समजावून सांगावी लागत नाही. वेडंवाकडं खोड, काटे, सरळ फळी मिळायची मारामार. देवाच्या कोशासाठी दूरच्या देवदाराची वाट पाहिली गेली नाही, वाटेवर जे उगवतं त्याचंच लाकूड घेतलं गेलं, एवढं पहिल्याच दिवशी दाखवून द्या.

भिंतीवर एक लांब कागद लावा. गणना ३३ मध्ये मुक्कामांची यादी आहे, पारंपरिक मोजणीने ४२ मुक्काम. सगळे लिहू नका. रामसेस, मारा, एलीम, सीन रान, रफीदीम, सीनाय, किब्रोथ-हत्तव्वा, कादेश, होर डोंगर, मवाबाचं मैदान एवढे पुरेत. नकाशावर ठाम रेघ मारू नका. परंपरेने जेबेल मूसा हा सीनाय मानतात, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. रेघ मारली की सभेतला अर्धा तास त्या रेघेवरच्या वादात जातो.

प्रत्येकाच्या वहीत तीन रकाने: काय कमी पडलं, कोणाकडे तोंड करून बोलले, देवाने काय केलं. सहा आठवडे हेच भरायचं आहे. मधला रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच रिकामा सोडतात. दर सभेच्या शेवटी वह्या एकदा फिरवून बघा.

पहिली सभा: समुद्र ते एलीम (निर्गम १३:१७ ते १५:२७)

सुरुवात १३:१७ वर थांबून करा. पलिष्ट्यांच्या देशातून जाणारी वाट जवळची होती, तरी देवाने त्यांना तिकडून नेलं नाही. युद्ध दिसलं तर हे लोक माघारी फिरतील, हे कारण वचनातच दिलं आहे. म्हणजे लांबची वाट ही सुरुवातीला शिक्षा नव्हती. माणसांचा वकूब पाहून ती निवडली होती. कोणाचं लग्न लांबतंय, कोणाची नोकरी लागत नाहीये, अशी माणसं सभेत असतातच. त्यांच्यासाठी हे एक वचन मोठा आधार आहे. त्यावर भाष्य करू नका, दोनदा वाचा.

मग मारा हे ठिकाण. तीन दिवस पाणी नाही, मिळालं ते कडू. लोक आपला पुढारी मोशे याच्यावर कुरकुरले, मोशेने परमेश्वराचा धावा केला, देवाने एक झाड दाखवलं, पाणी गोड झालं. तहान दोघांना एकच होती, तोंडं मात्र वेगळ्या दिशांना होती. मधल्या रकान्यात दोन ओळी होतील: ‘लोक मोशेकडे, मोशे देवाकडे’. त्यानंतर लगेच एलीम, १२ झरे आणि ७० खजुरीची झाडं. एलीमवर फार बोलायला नको.

दुसरी सभा: मान्ना (निर्गम १६)

या सभेला पूर्ण वेळ द्या. हवं तर भजन एकच म्हणा.

मध्ये एक पांढरी ताटली ठेवा, तिच्यात मूठभर धणे. मान्ना धण्यासारखा होता, पांढरा, चवीला मध घातलेल्या पापडीसारखा (१६:३१). शेजारी दोन लिटरचा डबा ठेवा. माणशी एक ओमर हे माप होतं, आणि ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, आजच्या हिशेबाने दोन लिटरच्या आसपास. पाच माणसांच्या घराला रोज दहा लिटर. ताटलीतले धणे एकेक करून डब्यात टाकायला एखाद्या मुलाला सांगा. मिनिटभरात डब्याचा तळही झाकला जात नाही. हे काम ऊन तापायच्या आत उरकायचं होतं, कारण ऊन चढलं की मान्ना वितळत असे (१६:२१). वर गणना ११:८ जोडून वाचा: लोक तो जात्यात दळत, उखळात कुटत, भांड्यात शिजवत, त्याच्या पोळ्या करत. चमत्कार आकाशातून आला, पण वाकून वेचणं, दळणं, थापणं घरच्यांच्याच वाट्याला होतं. सभेतल्या बायकांना हे आधी कळतं.

आता नियम: रोजच्यापुरतं घ्या, उद्यासाठी ठेवू नका. ठेवलेल्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट घ्या, तो सातव्या दिवशी चांगला राहील. सातव्या दिवशीही काही जण वेचायला गेले, त्यांना काही मिळालं नाही.

इथे हमखास एक चूक होते. कोणीतरी म्हणतं, म्हणजे ख्रिस्ती माणसाने साठवू नये, विमा नको, बँकेत ठेव नको. हे ताबडतोब थांबवा, कारण अशा एका वाक्याने घरं अडचणीत येतात. योसेफाने मिसरात सात वर्षं धान्य साठवलं ते देवाने दाखवलेल्या स्वप्नावरूनच. मान्नाही सहाव्या दिवशी साठवलाच होता, आणि एक ओमर पात्रात भरून पुढच्या पिढ्यांसाठी ठेवला होता. किडे पडले ते ‘ठेवू नका’ असं सांगितलेल्या दिवशी ठेवलेल्यात. उद्या देव देईल की नाही या भीतीने लपवलेल्या साठ्याबद्दल हा अध्याय आहे.

दुसरी गोष्ट १६:१८ ची. ज्याने जास्त वेचलं त्याचं उरलं नाही, ज्याने कमी वेचलं त्याला कमी पडलं नाही. पौलाने हेच वचन करिंथकरांना मदत गोळा करताना लिहिलं (२ करिंथ ८:१५). म्हणून या आठवड्यापासून प्रत्येक घराने एक ओमर बाजूला काढावा: दोन लिटरच्या डब्यात साधारण दीड ते पावणेदोन किलो तांदूळ मावतो. शेवटच्या सभेपर्यंत डबा भरायचा, रोज मूठभर. जमलेला तांदूळ कोणाच्या घरी द्यायचा आणि नेऊन पोचवायचा हे सभेतल्या नेमलेल्या दोघांनीच ठरवावं आणि नाव सभेत घेऊ नये. देणाऱ्याचंही नाही, घेणाऱ्याचंही नाही.

घरचा अभ्यास: सात दिवस सकाळी सातच्या आत एक परिच्छेद वाचणं. बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही. बहुतेकांना हे जड जातं. तीन दिवस राहिले की रविवारी दुपारी एका बैठकीत उरकून टाकायची सवय असते. राहिलं ते राहू द्यावं, आजचं आज घ्यावं.

तिसरी सभा: रफीदीम आणि यित्रो (निर्गम १७ आणि १८)

खडकातून पाणी, मस्सा आणि मरीबा ही नावं, अमालेक्यांशी लढाई. लढाईभर वर धरलेले हात खाली येऊ लागले तेव्हा मोशेला दगडावर बसवून त्याचा भाऊ अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी हात धरले. हे सर्वांना पाठ असतं. वेळ अठराव्या अध्यायासाठी राखा.

यित्रो हा मोशेचा सासरा, बाहेरून आलेला, मिद्यानी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटा न्याय करतोय हे पाहून तो सरळ म्हणतो, तू करतोस ते बरं नाही. मोशे ऐकतो. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमतो. मधल्या रकान्यात लिहा: ‘यित्रो, थेट मोशेच्या तोंडावर’. पुढे कोरहाचा अध्याय येईल तेव्हा ही ओळ लागणार आहे.

चौथी सभा: सीनाय

सीनायजवळचा मुक्काम जवळजवळ अकरा महिन्यांचा. तिसऱ्या महिन्यात पोचले (निर्गम १९:१), दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या विसाव्या दिवशी ढग उठला (गणना १०:११). आज्ञा, करार, सोन्याचं वासरू, निवासमंडप हे सगळं याच काळातलं. एका सभेत हे मावत नाही, तेव्हा हट्ट धरू नका. निर्गम ३२ वाचा आणि एवढंच विचारा: मोशे चाळीस दिवस दिसला नाही, तेवढ्यात काय काय बदललं?

उरलेल्या वेळात भिंतीवरच्या कागदावर सीनायच्या जागी एक उभी रेघ मारा आणि सर्वांना वह्या उघडायला सांगा. रेघेअलीकडच्या चार तक्रारी: समुद्रकाठी, मारा, सीन रान, रफीदीम. चारही वेळा मागितलं ते मिळालं. पलीकडच्या तक्रारी पुढच्या सभेत भरायच्या आहेत, पण आजच सांगून ठेवा की तिथे तिसरा रकाना बदलणार आहे. कारण शोधायला लोकांना आठवडा द्या. बहुतेक जण बरोबर पोचतात: रेघेअलीकडे ते नुकतेच सुटलेले गुलाम होते, देवाची ओळख व्हायची होती. पलीकडे वर्षभर मान्ना खाल्लेले, करार केलेले लोक आहेत.

पाचवी सभा: किब्रोथ-हत्तव्वा ते कादेश (गणना ११, १३, १४)

सगळ्या मालेतली ही सर्वांत अवघड सभा.

अकरावा अध्याय मोठ्याने वाचा. लोकांना मासे आठवले, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. मिसरात ते फुकट खात होतो म्हणाले. विटांचा हिशेब आणि नदीत टाकलेली मुलं त्या यादीत नाहीत. पुढे सोळाव्या अध्यायात दाथान आणि अबीराम तर मिसरालाच दुधामधाचा देश म्हणतात (१६:१३). आठवण माणसाला अशी फसवते. सोडून आलेल्या व्यसनाबद्दल किंवा मोडलेल्या नात्याबद्दल कोणाला बोलायचं असेल तर ती वेळ हीच. बोलायला लावू नका, जागा ठेवा.

त्याच अध्यायात ११:११ ते १५. मोशे देवाला म्हणतो, हे लोक काय माझ्या पोटी जन्मले? हा भार मला एकट्याला सोसत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. शब्द लोकांच्या कुरकुरीपेक्षा कडक आहेत. देवाने त्याला शिक्षा केली नाही, भार वाटून घ्यायला ७० वडील दिले. आता अनुवाद १:२७ काढा: लोकांनी आपापल्या डेऱ्यांत कुरकुर केली. या दोन जागा शेजारी ठेवल्या की मधला रकाना कशासाठी होता ते कळतं. तंबूच्या आत, एकमेकांच्या कानात, देवाच्या हेतूवर संशय घेत बोलणं ही कुरकुर. देवापुढे जाऊन रडून सांगणं ही विनवणी, ती स्तोत्रसंहितेत पानोपानी आहे.

मग कादेश. वचनाचा देश पाहून यायला पाठवलेले बारा हेर, चाळीस दिवस, दोघांनी काठीवर वाहून आणलेला द्राक्षांचा घोस, डाळिंबं, अंजिरं. दहा जणांनी देश चांगला आहे हेही सांगितलं, शहरं तटबंदीची आहेत हेही खरंच होतं. पाय घसरला तो १३:३३ ला: आम्ही आमच्याच नजरेला टोळांसारखे दिसलो, आणि त्यांच्या नजरेलाही तसेच दिसलो असू. त्यांच्या नजरेला काय दिसलं हे यांना कोणी सांगितलं? कागदाचे दोन भाग करून लिहा, ‘पाहिलेलं’ आणि ‘स्वतः ठरवलेलं’. नंतर प्रत्येकाने आपल्या एका काळजीचे तसेच दोन भाग करावेत. हा कागद कोणाला दाखवायचा नाही.

चौदावा अध्याय शेवटपर्यंत वाचा, मध्ये तोडू नका. चाळीस दिवसांना चाळीस वर्षं ठरली (१४:३४). दुसऱ्या सकाळी हेच लोक उठून म्हणाले, चला, आम्ही चढून जातो. मोशेने अडवलं, तरी गेले आणि हर्मापर्यंत मार खाल्ला. आदल्या दिवशी नकार आणि दुसऱ्या दिवशी न विचारता घाई, दोन्हींत देवाचं ऐकणं नव्हतं.

अंतराची कल्पना द्या. होरेबहून, म्हणजे सीनायहून, कादेश-बर्ण्या ११ दिवसांची वाट (अनुवाद १:२). नागपूरहून अकोल्याला रोज बावीस-तेवीस किलोमीटर चालत गेलं तर साधारण तेवढेच दिवस लागतात. कादेशहून जेरेद ओढा ओलांडायला मात्र ३८ वर्षं लागली (अनुवाद २:१४).

कोरहाबद्दल सावधगिरी

गणना १६ हा अध्याय गैरवापराला सर्वांत सोपा. कमिटीत कोणी हिशेब मागितला की ‘कोरहासारखं करू नका’ असं ऐकवलं जातं. हे वचनाला धरून नाही. कोरह आणि त्याच्याबरोबरचे २५० जण देवाने नेमलेलं याजकपण बळकावायला उठले होते. यित्रोने मोशेला तोंडावर चूक दाखवली, ती मान्य झाली. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दारात सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का बुडावं, आम्हालाही वतन द्या, असं त्यांनी मागितलं. परमेश्वर म्हणाला, त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि वारशाचा नियम बदलला. महिला संघाच्या सभेत हा अध्याय अवश्य घ्या. ज्या घरात मुलीकडून सही घेऊन तिला शेतातला वाटा अजून सोडायला लावला जातो, तिथे तर नक्कीच.

तसंच, सभेत कोणी आजारी असेल, कर्जात असेल, तर ‘तुमचं रान तुमच्या पापामुळे’ असं कोणालाही म्हणू देऊ नका. बारा हेरांतले उरलेले दोघे, कालेब आणि यहोशवा, यांनी काही चूक केली नव्हती, तरी चाळीस वर्षं त्यांनीही तीच धूळ तुडवली. दुसऱ्यांच्या नकारापायी चाललेली माणसं मंडळीत पुष्कळ असतात.

सहावी सभा: अडतीस वर्षं आणि पलीकडे (गणना २० आणि २१, यहोशवा ५)

त्या लांबलचक काळाबद्दल मजकूर फार थोडा आहे. गणना ३३:१८ पासून नुसती मुक्कामांची नावं येतात: निघाले, तळ दिला, निघाले, तळ दिला. ही नावं एकाने सावकाश वाचावीत. मग अनुवाद ८:४: चाळीस वर्षांत अंगावरचे कपडे जुने झाले नाहीत, पाय सुजले नाहीत. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काय होतं, तर हे. शिरगणतीही सांगा. सीनायजवळ वीस वर्षांवरचे लढाऊ पुरुष ६,०३,५५०, मवाबात ६,०१,७३०. पिढी गेली, पण आकडा जवळपास तेवढाच भरला.

विसावा अध्याय मोशेची बहीण मिर्याम हिच्या मरणाने सुरू होतो आणि लगेच पाणी नाही म्हणून लोक जमतात. ही तक्रार सीनायपलीकडची असूनही लोकांना शिक्षा नाही, तिसऱ्या रकान्यातला हा एक अपवाद. खडकाशी बोल असं सांगितलेलं असताना मोशेने काठीने दोनदा मारलं आणि ‘बंडखोरांनो, आम्ही तुमच्यासाठी पाणी काढावं काय’ असं विचारलं. त्याला आणि अहरोनाला त्या देशात जाता आलं नाही. पाणी मात्र भरपूर आलं. पुढाऱ्याची चूक झाली म्हणून देवाने लोकांना तहानेलं ठेवलं नाही. पाळकांबद्दल मन दुखावलेले लोक सभेत असतील तर इथे थांबा.

लोकांना चावलेले आग्ये साप आणि त्यावर देवाने करायला सांगितलेला पितळेचा साप (गणना २१) थोडक्यात घ्या, योहान ३:१४ जोडून. पुढे हिज्कीया राजाने तोच पितळेचा साप फोडला, कारण लोक त्याला धूप जाळू लागले होते (२ राजे १८:४). वाचवण्यासाठी देवाने दिलेल्या वस्तूचंही असं होऊ शकतं.

शेवटी यहोशवा ५:१० ते १२. वचनाच्या देशात शिरल्यावर गिलगालात वल्हांडण पाळला, दुसऱ्या दिवशी त्या देशाच्या धान्याची बेखमीर भाकर आणि भाजलेले दाणे खाल्ले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला. वाचन संपलं की धण्यांची ताटली उचला आणि तिथे भाजलेले दाणे ठेवा. ज्वारीच्या लाह्या चालतील, फुटाणे चालतील. घरोघरचे तांदळाचे डबे आधीच दाराशी मांडून ठेवलेले असावेत, म्हणजे चहा होईपर्यंत ते दोघे कोणाच्या नजरेत न येता निघू शकतात.